गुरुवारची पिशवी

— नाही, पिशवी नको काढू. राहू दे ती खांद्यालेच. आज भाजी नाही. म्हणजे आहे, दिसूनच राहिली तुले, गच्चीभर उभी आहे — पण द्यायची नाही. बस आधी. त्या स्टुलावर नको, इकडे दाराजवळच्या खुर्चीवर बस, डब्यांपासून दूर. सातवा महिना अन् दोन जिने चढून आली, धाप लागली पाहा तुले. पाणी पी. नळाचं आहे, फिल्टरचं, त्यात इथली तुळस-बिळस काही टाकली नाही मी. मले तुले एक सांगायचं आहे, मंजिरी, अन् ते तुझ्या पोटातल्या लेकराचं आहे, म्हणून मधात बोलू नको. मधात बोलली तं माझं राहून जाईल. मागच्या गुरुवारी राहून गेलं तसं. घाबरू नको, असं म्हणणार होती मी — पण काहून नको घाबरू, घाबर थोडी. मले तं काहीच वाटून नाही राहिलं बारा दिवसांपासून, भूक नाही लागत, रडू नाही येत, काल चुलीवरचं भगोनं उघड्या हातानं उचललं अन् खाली ठेवल्यावर लक्षात आलं की गरम होतं. तुले तरी काही वाटलं पाहिजे.

कुठून सांगू — डब्यांपासून सांगते. तू पहिल्यांदा आली तेव्हा काय विचारलं होतं, आठवते? "ताई, किती छान कुंड्या, एका मापाच्या, कुठून घेतल्या?" अन् मी हसली होती. म्हटलं होतं, तुम्ही पुण्याचे लोक, तुमचं सारं दुकानातून येते, आमच्याकडे घरातूनच निघते. सांगितलं नव्हतं काय आहे ते. आता सांगते. हे बॅटरीचे डबे आहेत. इन्व्हर्टरची बॅटरी असते ना, ट्रकची असते — तिचं वरचं झाकण कापायचं, आतल्या प्लेटा काढायच्या, की उरते तो हा काळा डबा. मजबूत, उन्हानं फाटत नाही, गच्चीवर रांगेत बसतो. कौमुदीचे पप्पा, देवीदास — माझा नवरा ग, तू एकदोनदाच पाहिलं असशील, अबोल माणूस — त्यांचं बीरगांवले बॅटरीचं दुकान आहे. जुन्या बॅटऱ्या खोलतात, प्लेटा बदलून देतात, कारखान्यातल्या लोकांच्या गाड्यांच्या असतात बहुतेक. दुकानाच्या मागं ढीग लागलेला असायचा डब्यांचा. भंगारवाला नेत होता. मी म्हटलं, भंगारवाल्याले काहून, मले द्या.

तेव्हा मी नुकती त्या सेंद्रिय शेतीच्या शिबिरातून आली होती. चार दिवसांचं शिबिर, मातीत बसायचं, मातीतच जेवायचं. तिथले सर सांगायचे — विकत आणायचं नाही, फेकायचं नाही, जे घरात आहे ते फिरवत राहायचं. हे असं भिनलं बाप्पा माझ्यात की काय सांगू. आंघोळीचं पाणी कर्दळीत सोडलं, कर्दळीतून गाळून टाकीत. साबण बंद, रिठे सुरू. कौमुदीचे पप्पा बिचारे रिठ्याच्या पाण्यानं बॅटरीचे हात धुवायचे, निघायचंच नाही काही, पण बोलले नाहीत. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवल्या, तुझ्या खांद्यावर आहे ती माझ्या लग्नातल्या जांभळ्या पातळाची आहे, माहीत आहे ना तुले. आमच्या लाइनीतल्या बाया म्हणायच्या, पूर्णिमादीदीच्या घरातून कचऱ्याच्या गाडीत काहीच पडत नाही, घंटागाडीवाला रुसला तिच्यावर. मले बरं वाटायचं ते ऐकून. फार बरं वाटायचं. अन् अशा बाईनं प्लास्टिकच्या कुंड्या विकत आणायच्या का?

त्यांनी सांगितलं होतं मले. हे मी आज पहिल्यांदा कोणाले सांगून राहिली. ते डबे घेऊन आले अन् जिन्यातच उभे राहिले, म्हणाले, "पूर्णिमा, हे राहू दे, याच्यात बॅटरीचं राहते." बस, एवढंच. मी म्हटलं, ॲसिड ना, ॲसिडले काय होते, खायचा सोडा टाकते. अन् टाकला. फेस आला, फेस बसला, दोन पाण्यानं धुतले, पालथे घातले, झालं. तळाशी एक गाळ राहायचा — करडा, मऊ, चुलीतल्या राखेसारखा. काही डब्यांतला खरवडून काढला. मग कंटाळा आला, बाकीच्यांत तसाच राहू दिला. राखच वाटली ग मले. राख तं आपण घालतोच ना झाडाले. अन् खरं सांगू का, जो खरवडून काढला होता तोही फेकला नाही मी. फेकायचं नाही ना काही. तो खताच्या खड्ड्यात टाकला.

मग काय, खाली पुठ्ठा, त्यावर पैरा — धानाचं तणस ग, इकडे पैरा म्हणतात — त्यावर वाळली पानं, शेण, माती. वीस दिवसांत लाल भाजी वर. तू खाल्ली आहे माझी लाल भाजी, तशी लाल भाजी साऱ्या रायपुरात नाही, असं तूच म्हणाली होती. मग पालक, मेथी, मुळा, अंबाडी. संत्र्या-लिंबाच्या सालींचं आंबवलेलं पाणी दर रविवारी. चौऱ्याहत्तर डबे झाले सात वर्षांत. ही कोथिंबीर पाहा, काय वास आहे, हे घे, हुंगून तं — नाही. नको. दे इकडे. सवय आहे हाताले, तोडून पुढं करायची. तो हात पूस पदराले. पदराले नको, इथं ये, धू. हव, साबण आहे आता. परवापासून आहे.

बस पुन्हा. शिसं. त्या प्लेटा शिशाच्या असतात. सीसा म्हणतात इथं सारे. तो गाळ राख नव्हता, शिशाचा होता. झाडाले काही होत नाही त्यानं, झाड मस्त वाढते, हिरवंगार, कीड नाही, काही नाही. पानात जाते, मुळात जाते, अन् वरतून माती उडून पानावर बसते ते वेगळंच. आंबट पाण्यानं आणखी सुटते म्हणे ते मातीतून. दर रविवारी, सात वर्षं. मी एवढ्या निगुतीनं केलं ना सारं, मंजिरी, आळशी बाई असती तं कमी झालं असतं.

माझ्या कौमुदीले तू पाहिलं आहे. तिचा पहिला घास इथला आहे. उष्टावणाले भातात मी याच गच्चीवरचा पालक उकडून, गाळून घातला होता, सगळ्यांनी फोटो काढले. साडेसहा वर्षांची आहे ती आता. दिवाळीपासून तिचं पोट दुखून राहिलं होतं. चार-चार दिवस संडासले होत नव्हतं. चेहरा पांढरा पडला. मी काय केलं असेल? रक्त कमी वाटलं म्हणून पालक वाढवला. पोट साफ होत नाही म्हणून चेच भाजी — इथली बुळबुळीत पालेभाजी ग — सुरू केली, रोज. सकाळी पालकाचा रस, संध्याकाळी भाजी. खात नव्हती पोट्टी, उलट्या काढायची, तं मी समोर बसून खाऊ घालायची. म्हटलं, शेजारच्या पोट्ट्यांसारखी पुड्यातलं खाऊन वाढायची नाही माझी लेक.

मग ती अक्षरं विसरायले लागली. पहिलीत आहे. एक दिवस वही घेऊन आली, म्हणे, "मम्मी, ये वाला क्या होता है?" — घरात मराठी बोलतो आम्ही, पण उत्तर तिचं हिंदीतच येते, सारी पोट्टी तशीच आहेत इथली — तं मी पाहिलं, भ होता. भ. नर्सरीपासून येत होता तिले भ. मी म्हटलं, नाटकं करून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तोच भ. मी एक ठेवून दिली तिले. पाच बोटं उठली गालावर. ती रडली नाही, नुसती त्या अक्षराकडे पाहत राहिली. ते मले रोज दिसते, पण दिसते नुसतं, होत काही नाही मले.

शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा डॉक्टरकडे गेलो. इथंच, मागच्या गल्लीत दवाखाना आहे, नवीन पोट्टा आहे, मिशी पण नीट नाही फुटली त्याले. आधी दोन डॉक्टरांनी लोहाचं औषध देऊन पाठवलं होतं. यानं नखं पाहिली, डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, अन् एकदम विचारलं, "पापा क्या करते हैं?" बॅटरीचं दुकान म्हटल्यावर पेन खाली ठेवला त्यानं. एक वेगळी रक्ताची तपासणी लिहिली, सॅम्पल बाहेरगावी जाते तिचं, पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. पाचाच्या खाली पाहिजे म्हणे लेकराचं. कौमुदीचं अडतीस. शिसं रक्तातून हाडात जाते, दातात जाते, तिथं वर्षानुवर्षं राहते. सुई-बिई आत्ता नको म्हणाला, आधी जिथून येते ते बंद करा, दूध द्या, लोह द्या, महिन्यानं पुन्हा पाहू. मी विचारलं, अन् जे विसरली ते परत येईल का. तं म्हणे, "देखते हैं." मोठ्या डॉक्टरांसारखं खोटं बोलता येत नव्हतं त्याले अजून.

मग त्यानं विचारलं. हे नीट ऐक. त्यानं विचारलं, "घर में दुकान का कुछ आता है क्या? कपड़े, औज़ार, डिब्बे, कुछ भी?" डिब्बे म्हटलं त्यानं, मंजिरी. त्याच्या तोंडून डिब्बे निघालं अन् मले त्याच क्षणी सारं समजलं, गाळ, राख, खड्डा, सारं एकदम. अन् मी म्हटलं, नहीं. असं सरळ निघालं तोंडातून, जसं कोणी विचारावं घरी कुत्रा आहे का, अन् नाही म्हणावं. कौमुदीच्या पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होती, फेब्रुवारी होता, त्यावर एका बाळाचा फोटो होता. मग ते म्हणाले, "मेरे कपड़ों से गया होगा, डॉक्टर साहब." तो माणूस दुकानातच आंघोळ करतो ग. दुकानाचे कपडे दुकानात, चप्पल खाली जिन्यात, लेक झाली तेव्हापासून नियम आहे त्याचा. हातमोज्याशिवाय प्लेट उचलत नाही. अन् त्यानं आपल्या अंगावर घेतलं. मी घेऊ दिलं.

काहून म्हणाली मी नाही? रोज विचारते स्वतःले. लोक काय म्हणतील — ते होतं. मंडळानं शाल दिली होती मागच्या वर्षी, हळदीकुंकवाले, जिथं तू भेटली, ते होतं. तिथं मी वाण म्हणून काय दिलं होतं आठवते? पालकाची रोपं. याच मातीतली. अन् माझा तो नियम — आधी लहान लेकरांची घरं, मग दोन जिवाच्या बाया, अन् उरली तं बाकीच्यांले. माझाच नियम, मोठ्या तोऱ्यात केलेला. बाजारची विषाची भाजी लेकरांच्या पोटात नको जायले, म्हणून. सव्वीस घरं आहेत. एकही घर एकट्या म्हाताऱ्या माणसाचं नाही, साऱ्या घरात लेकरं आहेत, नाही तं व्हायची आहेत. मी निवडून निवडून दिली ग. ते सारं एका 'नहीं'त होतं असं आता म्हणते मी, पण तेव्हा काहीच नव्हतं डोक्यात. नुसतं कॅलेंडर होतं.

त्या दिवसापासून ते दुकानातच राहतात, बीरगांवले. बारा दिवस झाले. संध्याकाळी येतात, वर नाही येत. खाली फाटकाशी उभे राहतात अन् हाक मारतात, कौमुदी बाल्कनीत जाते, तिथून बोलतात. खाल्लं का, शाळेत काय झालं. हात नाही लावत तिले. तिले वाटते पप्पा रागावले, भ नाही आला म्हणून. परवा वहीत पानभर भ लिहून त्यांच्यासाठी खाली टाकला तिनं, चिठ्ठीसारखा. त्यांनी उचलला, घडी करून खिशात ठेवला अन् गाडी सुरू केली. माझ्या भावानं, शिशिरनं, फोन करून फाडून काढलं त्यांले — लेकीच्या जिवावर धंदा करता का, बंद करा दुकान — मले पण जोडलं होतं त्यानं फोनवर, माझा फोन स्पीकरवर होता, मी इथंच उभी होती, सवयीनं कढीपत्ता तोडून राहिली होती. ऐकला सारा. ते नुसतं हव, हव म्हणत होते. मी मधात तोंड नाही उघडलं. एकदा तरी त्यांनी म्हणायचं होतं ना मले की मी जिन्यात सांगितलं होतं तुले. म्हटलं असतं तं मी भांडली असती. भांडता आलं असतं मले. नाही म्हटलं.

मातीचं विचारू नको, सांगते. दवाखान्यातून आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी माती पाठवली तपासायले. चोरून, कोणाले नाही सांगितलं. सात ठिकाणची, सात पुड्या. रिपोर्ट काल आला, हा घे. आकडे नको वाचू, शेवटची ओळ वाच. खाण्याची पिकं घेऊ नये. अन् ही सातवी पुडी पाहा, ही टाकीजवळच्या वाफ्याची आहे, विटांचा आहे तो, तिथं बॅटरीचा डबा कधी ठेवलाच नाही मी. तिथंही आहे. मले वाटलं होतं तो तरी सुटला असेल. मग बसल्या बसल्या समजलं. देठं, मुळं, पिवळी पानं, सारं खड्ड्यात, अन् खड्ड्यातलं खत साऱ्यांले सारखं वाटून. शिसं काही सडत नाही. ते आपलं फिरत राहिलं गच्चीभर. बाहेर जायचं ते फक्त तुमच्या पिशव्यांतून.

अन् आता काढू कुठं हे? तूच सांग. घंटागाडीत टाकली माती तं तो कुठं तरी रिकामी करेल, तिथं कोणी गवत कापून नेईल गाईले. भंगारवाल्याले डबे दिले तं आणखी कोणी पूर्णिमा कुंड्या करेल त्याच्या. म्हणून अशीच उभी आहे बाग. पाणी पण घालून राहिली मी. काहून घालते? सकाळी उठते, हातात झारी असते. कौमुदीले मात्र दाराच्या इकडं येऊ देत नाही, दोरी बांधली आहे पाहा.

नाही, उठू नको अजून. एक राहिलं. त्याच्यासाठीच बसवलं तुले, बाकीचं मी कागदावर लिहूनही देऊ शकत होती.

मागचा गुरुवार. तू आली, इथंच उभी होती, पिशवी पुढं केली. मातीचा रिपोर्ट यायचा होता तेव्हा. मी स्वतःले सांगत होती, अजून कुठं पक्कं आहे, कपड्यांतूनही गेलं असेल, उगाच बिचारीले सातव्या महिन्यात काहून घाबरवायचं. असं सांगत होती. पण त्या आठवडाभर मी कौमुदीले बाजारची भाजी खाऊ घालून राहिली होती. सदर बाजाराच्या मागं बाया बसतात ना टोपल्या घेऊन, तिथली, नाल्याच्या पाण्याची, फवारा मारलेली, जिले मी सात वर्षं नावं ठेवली, ती. मिठाच्या पाण्यात धुऊन, उकडून. माझ्या लेकीले बाजारची अन् तुले गच्चीवरची. तं पक्कं नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू? पक्कं होतं. तू काय बोलली तेव्हा, ते तुले आठवते का माहीत नाही. तू म्हणाली, "ताई, हिमोग्लोबिन अकरा झालं, डॉक्टरबाई खूश आहेत, तुमच्या पालकानं झालं." अन् मले मिठी मारली. पोट लागलं मले तुझं. आतून काही हललं, तू हसली, म्हणाली, "बघा, ओळखतं तुम्हाला." अन् मी — मी काय केलं, मी एक जुडी जास्तीची टाकली पिशवीत. पालकाची. म्हटलं, घे, तुझ्यासाठी राखून ठेवली होती.

हं.

बोल काही. शिव्या दे. तुमच्या पुण्याच्या लोकांले येत नाहीत म्हणे, मी शिकवू का, आमच्याकडच्या भारी असतात. नाही? रडून राहिली का तू? रड. नवऱ्याले फोन लावते तं लाव, इथं रेंज येते, त्या कोपऱ्यात नको जाऊ फक्त. मले नको विचारू लेकराले काय होईल, मी डॉक्टर नाही, अन् मी आता कोणाले 'काही होत नाही' म्हणून सांगणार नाही, बरं होईल असंही नाही अन् वाईट होईल असंही नाही. आजच जा. उद्या नाही, आज, इथून सरळ. रक्त तपासायले सांग, शिशासाठी म्हणून सांग, साध्या तपासणीत ते दिसत नाही. किती महिने खाल्लं विचारतील, तं चौथ्यापासून, दर गुरुवारी, कधी चुकलं नाही. दूध पी. गोळ्या सोडू नको. घरात फ्रिजमध्ये असेल मागची भाजी तं हात नको लावू, नवऱ्याले फेकायले सांग. ती जुडी संपवली का तू? संपवली. बरं.

तू पहिली आहे. आणखी कोणाले नाही सांगितलं अजून. आज साऱ्यांचा गुरुवार आहे, येतील एकेक, त्याच खुर्चीवर बसवीन. पुष्करची आई येईल अकराले, पुष्कर दोन वर्षांचा आहे, माझ्या मुळ्याशिवाय जेवत नाही. तुले आधी काहून बोलावलं? फोन करून लवकर ये म्हटलं ते यासाठीच. तुझ्यासमोर बोलता आलं तं बाकीच्यांसमोर येईल, असं वाटलं. अन् तुझ्यासमोरच सर्वांत जास्त नव्हतं येत.

अन् हे ऐक. डॉक्टर विचारतील, कुठून गेलं. दुकान नको सांगू. देवीदासचं नाव तुझ्या तोंडून नको निघू देऊ, त्यांनी काही नाही केलं, त्यांनी जिन्यात उभं राहून सांगितलं होतं. माझं नाव सांग. पूर्णिमाची गच्ची सांग, डबे सांग. कुठं लिहायचं असेल तं तसंच लिहायले लाव. आज संध्याकाळी ते फाटकाशी येतील तेव्हा मी खाली जाणार आहे. काय बोलणार ते माहीत नाही. वर या म्हणीन. आधी वर या म्हणीन, मग बाकीचं.

उठली? सावकाश. कठड्याले नको धरू, त्या बाजूनं डबे लटकवले आहेत, भिंतीकडून उतर. पाचवी पायरी फुटकी आहे, सांभाळून. अन् पिशवी — नाही, ती नको नेऊ घरी. मुळासकट नेत होती तू भाजी, तिच्या शिवणीत माती बसली असेल. राहू दे, असू दे माझ्या लग्नातल्या पातळाची. तिथंच ठेव, पायरीवर. अन् हात धुऊन घे खाली नळावर, साबण ठेवला आहे.

जा.